पाहुण्याचा खुंट

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. किंजळाच्या लाकडाचा. उंची म्हणाल तर चांगली दोन पुरुष. पण त्यातला एक पुरुष कायम चिखलात, त्यामुळे लोकांना मी नेहमी निम्माच दिसलो. खुंटाचं काम तसं साधं. होडी आली की तिचा दोर अंगाभोवती बांधून घ्यायचा आणि ती सुटेपर्यंत जागचं हलायचं नाही. यात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही बारा वर्षं तसंच वाटत होतं. मग एका सकाळी दोन गावं माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याविषयी जे बोललं गेलं ते ऐकून मी असा हबकलो, की अजून पुरता सावरलेलो नाही. तेच आज सांगतो.

माझा जन्म कर्नाळ्याच्या डोंगरातला. झाड असताना मला पाण्याचं काही ठाऊक नव्हतं. पाऊस पडे तेवढंच पाणी. एकावन्न साली मला तोडलं, बैलगाडीवर घालून पनवेलच्या बंदरात आणलं आणि तिथून घोळवाडीच्या धर्माने होडीत टाकून नेलं. धर्मा त्या वेळी चाळिशीतला होता. छाती दाराएवढी आणि आवाज मात्र इतका हळू, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. त्याने मला तासलं, गुळगुळीत केलं आणि मुशी माशाचं तेल पाजलं. तो वास महिनाभर गेला नाही. मग माझ्या खालच्या टोकापासून हातभर वर त्याने एक भोक पाडून त्यात आडवी खुंटी ठोकली. "ही कशाला रं?" असं शेजाऱ्याने विचारलं तर नुसता हसला. धर्माला काम सांगत बसायची सवय नव्हती.

आता ही दोन गावं कोणती ते सांगायला हवं. पनवेलच्या खाडीच्या एका काठाला घोळवाडी आणि समोरच्या काठाला निवटीपाडा. नावं ज्याने ठेवली तो मोठा थट्टेखोर असावा. घोळ केवढा थोरला मासा! आणि निवटी म्हणजे चिखलात टुणटुण उड्या मारणारी बोटभर मासळी. घोळवाडीत तीनशे घरं, चाळीस मोठ्या होड्या, आणि एक दगडी धक्का. त्या धक्क्याला मुंबईची लाँच लागे आणि दोन्ही गावांची मासळी घेऊन जाई. निवटीपाड्यात घरं बत्तीस, होड्या सात, त्याही लहान. पाड्याची खरी भिस्त भातशेतीवर. पण ती शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून ती शेतं. बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड पीक येत नाही. बांध फुटण्याला इकडे 'खांड पडली' म्हणतात. हा शब्द कानावर आला की माणसं भरल्या ताटावरून उठतात.

दोन्ही गावांच्या मधोमध खाडीत एक बेट आहे. तिवरांनी भरलेलं, कडेला काळे खडक, आणि खडकांना चिकटलेली कालवं. म्हणून त्याचं नाव कालवबेट. हे बेट पाड्याचं. बेलापूरच्या किल्ल्यापासून थेट उरणपर्यंत कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. श्रावण-भाद्रपदात पाड्याच्या कणग्या रिकाम्या होत. तेव्हा बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बेटावर येऊन कालवं फोडत, चिंबोऱ्या धरत, सुकं सरपण गोळा करत. वर्षातले दोन महिने पाडा या बेटावर जेवत असे. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं कळेल.

त्याच वर्षी भादव्यात अमावास्येच्या उधाणाने पाड्याचा बांध फोडला. मोठी खांड पडली. बोलावणं जाण्याआधीच घोळवाडीची चाळीस माणसं बारा होड्या घेऊन आली. पुढे धर्मा आणि त्याच्या होडीत आडवा मी. खांड भरायला चिखल लागतो, आणि चांगला चिकट चिखल होता बेटाच्या कडेला. पण तिथे पाण्याला ओढ फार, होडी उभी राहीना. तेव्हा धर्मा गळाभर पाण्यात उतरला. पायाने चाचपून त्याने चिखलाखालच्या दोन खडकांमधली कपार शोधली, मला त्यात उभं केलं, खाली रेटलं आणि उजवीकडे फिरवलं. माझी आडवी खुंटी कपारीत खडकाखाली जाऊन बसली. तेव्हा कळलं ती कशासाठी होती ते. मी हलेना की डुलेना. तीन दिवस बारा होड्या माझ्या जिवावर उभ्या राहिल्या आणि चौथ्या दिवशी खांड बुजली.

पाड्याच्या बायकांनी त्या चाळीस जणांना तीन दिवस जेवू घातलं. घरात भिजलेले तांदूळ आणि बेटावरची कालवं, याखेरीज त्यांच्याकडे काही नव्हतं. निघताना धर्मा मला उपटायला वाकला, तेव्हा पाड्याचा पाटील तुळशीराम पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे रं धर्मा. पाहुन्याचा खुंट उपटाचा नसतो. उद्या परत आलास तं होडी कशाला बांधशील?"

ही त्या खाडीची रीत. मदतीला आलेल्याचा खुंट काढला, तर त्याचा अर्थ होतो 'पुन्हा येऊ नका'. एवढा मोठा अपमान पाड्याने कुणाचा केला नसता. तुळशीरामने माझ्या डोक्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मी तिथेच राहिलो. त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! डोंगरात हजारो झाडं होती, पण दोन गावांची दोस्ती माझ्याच अंगावर बांधली गेली होती.

पुढची वर्षं फार चांगली गेली. सुकतीला तुळशीरामची सून पुतळाबाई बायका घेऊन बेटावर येई. नवी नवरी होती तेव्हा ती कालवं फोडताना बोटं कापून घेई आणि सगळ्या तिला हसत. चार वर्षांत तिचा हात असा बसला, की इतर बायकांची एक टोपली भरायच्या आत तिच्या दोन भरत. घामेजली की ती माझ्या सावलीत टेकून बसे. सावली ती कितीशी, पण ती टेके. आपल्या घरातली भांडणं ती मला सांगत नसे, बायकांनाच सांगे. पण माझ्यासमोर, त्यामुळे मला सगळी ठाऊक होती.

दर नारळी पुनवेला धर्मा घोळवाडीहून एक नारळ माझ्यासाठी घेऊन यायचा. खाडीला एक आणि मला एक. पाड्याची माणसं त्याला नारळीभात खाऊ घालायची. धर्मा आणि तुळशीराम खडकावर पाय सोडून बसत आणि समोरच्या द्रोणागिरीच्या डोंगरावर ढग बघत तासभर गप्प राहत. दोघांना त्यातच बरं वाटे.

आणि मित्रांनो, ही दोस्ती एकतर्फी होती असं समजू नका. सत्तावन्न साली पौषातल्या दाट धुक्यात घोळवाडीची एक मोठी होडी खडकावर आपटून फुटली. मोठ्या होड्यांना त्या उथळ पाण्यात शिरता येईना. तेव्हा पाड्याच्या त्या सात लहान होड्याच कामाला आल्या. पुतळाबाईचा नवरा हिरामण याने अकरा माणसं काढली. त्यातला एक होता देवजी, धर्माचा थोरला मुलगा. हिरामणने त्याला केसांना धरून वर ओढलं होतं. त्याला आणून बेटावर टाकलं, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी कवटाळलं ते मलाच. हे मी मुद्दाम सांगतोय.

हाच देवजी पाच वर्षांनी घोळवाडीचा पाटील झाला. हुशार माणूस. बोलणं गोड, आणि नजर लांबची. घोळवाडीच्या धक्क्याजवळ तोवर गाळ साचू लागला होता. खोल पाण्याने आपली वाट बदलली होती आणि ती आता बेटाच्या कडेने जात होती. मोठी लाँच लागायची तर बेटालाच लागेल, हे देवजीने पहिल्यांदा ओळखलं. त्रेसष्ट सालच्या माघात तो नव्या होडीतून आला, होडी मला बांधली आणि तुळशीरामशेजारी खडकावर बसला.

"काका, बेट आमाला देऊन टाका," तो म्हणाला.

तुळशीराम मोठ्याने हसला. "नेशील कशान? टोपलीन घालून?"

"हसू नको काका. तुमी बत्तीस घरा. उद्या मुंबईवरनं कुनी रेतीवाला आला न बेटाव बसला, तं तुमी काय करनार? आमचे चाळीस होड्या हायत. बेट आमचे हातान असला म्हंजे तुमी पन सुखान निजाल."

"आमी आताच सुखान निजतो."

"दोस्त हाव म्हनून मागतंय," देवजी उठताना म्हणाला. "दुसरा कुनी असता तं मी मागला नसता."

तुळशीरामने ही गोष्ट पाड्यात थट्टा म्हणून सांगितली. लोक पोट धरून हसले. "उद्या आमचा डोंगर पन मागतील," कुणीसं म्हणालं. पण देवजीचं ते शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. दुसरा कुणी असता तर मागितलं नसतं, म्हणजे काय केलं असतं?

आठच दिवसांनी पुतळाबाई टोपल्या घेऊन घोळवाडीच्या धक्क्यावर गेली, तेव्हा तिला सांगितलं की पाड्याची मासळी आता लाँचवर चढणार नाही. मासळी कुजली. तिने ती परत आणून माझ्या पायाशी पाण्यात ओतली. मग धक्क्यावर मासळीसाठी मिळणारा बर्फ बंद झाला. मग धक्क्याला होडी लावणं बंद झालं. प्रत्येक वेळी देवजीचा माणूस येऊन अगदी मायेने सांगे, "बेटाचा मिटवा, मंग सगला पयल्यासारका." आणि वैशाखात निरोप आला, की यापुढे पाड्याचा बांध फुटला तर घोळवाडीतून कुणी येणार नाही.

मला हे खरंच वाटेना. शत्रूने धमकावलं तर माणूस दार लावून घेतो. पण इथे धमकी देणारा तोच होता, ज्याच्या भरवशावर बांध उभा होता. पाड्याची माणसं रागावलीसुद्धा नाहीत. ती नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. तुळशीराम मात्र म्हणे, "पोर हाय. धर्मा हाय ना तिकडं. धर्मा असं होऊ देल काय?"

मग नारळी पुनव आली. त्या वर्षी धर्माऐवजी देवजीच आला आणि एकटा नाही. पाच होड्या, ढोल, ताशे, गुलाल. त्याने मला फुलांची माळ घातली आणि सगळ्यांदेखत नारळ अर्पण केला. मित्रांनो, पाड्याने टाळ्या वाजवल्या! सगळ्यांना वाटलं, भांडण मिटलं. बायकांनी घाईघाईने नारळीभात शिजवला आणि पाच होड्यांतल्या माणसांना आग्रह करकरून वाढला. पुतळाबाईनेही वाढला. मीही खुळा, माळ घालून मिरवत होतो.

चौथ्या दिवशी निरोप आला. बारा नारळी पुनवा झाल्या. खुंट घोळवाडीचा. म्हणून बेटही घोळवाडीचं.

आमच्या खाडीत एक जुना कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही. जाळं लावायला कुणी खुंट मारला आणि तो बारा नारळी पुनवा तिथेच राहिला, कुणी उपटला नाही, तर ती जागा खुंटवाल्याची होते. हा कायदा पाड्यातल्या लहान पोरालाही पाठ होता. पण तो जाळ्याच्या खुंटाचा कायदा. पाहुण्याच्या खुंटालाही तो कुणी लावील, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाहुण्याचे दिवस कोण मोजतं? देवजीने मोजले होते.

मला काय वाटलं ते कसं सांगू? मी जागच्या जागी सुन्न झालो. बारा वर्षं मी समजत होतो की मी दोस्तीची खूण आहे, आणि मी निघालो कब्ज्याची खूण. मी काही केलं नव्हतं. मी फक्त उभा राहिलो होतो. धर्माने प्रेमाने आणलेला एकेक नारळ आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. पाड्याने मला हळद-कुंकू लावलं, तेही साक्षच देत होतं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुकतीला दोन्ही गावं बेटावर जमली. असा तंटा झाला की ज्याने खुंट मारला त्याने खुंटाच्या डोक्यावर हात ठेवून, तो कशासाठी मारला ते सांगायचं, आणि त्याचं बोलणं शेवटचं, अशी रीत होती. त्यानंतरची भरती चढली की निवाडा पक्का. याच रीतीने जायचं ठरलं तेव्हा पाड्याच्या माणसांचे चेहरे उजळले. खुंट मारणारा धर्मा होता ना! तुळशीराम तर पान खात आला होता. "धर्मा दोन शब्द सांगल न आपुन घरी जाऊ," असं तो सगळ्यांना सांगत होता.

धर्मा होडीतून उतरला. बारा वर्षांत त्याची छाती आत गेली होती. मागे देवजी, आणि देवजीच्या मागे घोळवाडीची सगळी घरं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखला. त्यानेच मला तासलं होतं, तेल पाजलं होतं. पण तो गार पडला होता.

"खुंट कोनी मारला?" देवजीने विचारलं.

"मी मारला."

"कोनाचा खुंट?"

धर्मा इतक्या हळू बोलला, की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "घोळवाडीचा."

"कशाला मारला ते सांग, धर्मा," तुळशीराम म्हणाला. तो अजून हसत होता.

धर्माने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मुलाकडे पाहिलं, मुलामागच्या गावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "घोळवाडीचे नावान मारला," तो म्हणाला. एवढंच.

तुळशीरामचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याला ते पुसायचंही सुचलं नाही. त्याच्या हातातला पानाचा डबा खडकावर पडला आणि कुणी उचलला नाही. मी लाकूड आहे. मला रडता येत नाही. पण खाडीच्या त्या थंडगार चिखलात मला चटका बसल्यासारखं झालं. खोटं बोलला असता तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. तो खोटं बोललाच नव्हता. त्याने फक्त खऱ्यातलं अर्धं सांगितलं होतं.

देवजी म्हणाला, "मिटला तं मंग. पुढली भरती चढली का बेट आमचा."

तेव्हा पुतळाबाई पुढे आली. पदर खोचून ती माझ्याजवळ चिखलात उतरली आणि तिने दोन्ही हातांनी मला धरलं. ती काय करते आहे, ते आधी कुणाला समजेना. समजलं तेव्हा दोन्ही गावांतून 'हां हां' असा एकच ओरडा उठला. ती मला उपटत होती.

"पुतळे, नको!" तुळशीराम ओरडला. "पाहुन्याचा खुंट हाय! खांड पडली तं कोन येल मंग?"

पुतळाबाईने मागे वळून पाहिलं. "बाबा, बेट घेऊन जो मदतीला येनार, तो पाहुना कसला?"

मित्रांनो, तिने काय केलं हे नीट समजून घ्या. भरती चढायच्या आत मी उपटलो गेलो तर कब्जा तुटत होता, बेट वाचत होतं. पण त्याबरोबर 'पुन्हा येऊ नका' असंही सांगून होत होतं. पुढच्या उधाणाला बत्तीस घरं एकटी पडणार होती. हे सगळं ठाऊक असून ती जोर लावत होती. क्षणभराने दुसरी बाई उतरली, मग तिसरी. आठजणी झाल्या. पुरुष काठावर खिळल्यासारखे उभे होते.

पण मी हलेना. आयुष्यात पहिल्यांदा मला निघायचं होतं आणि मला निघता येत नव्हतं. खाली कपारीत माझी खुंटी घट्ट बसली होती. बायका मला मागे-पुढे हलवत होत्या, वर ओढत होत्या, त्यांच्या हातांची सालं निघाली. पाणी वळलं. घोट्याचं गुडघ्याला आलं.

देवजी हसला. "उपटा, उपटा. माजे बाचे हातचा हाय. ढळाचा नाय."

तेवढ्यात शेजारी पाणी फसकन उडालं. धर्मा उतरला होता. तो सरळ माझ्याकडे आला तेव्हा बायका थांबल्या. त्यांना वाटलं, हा आता आम्हाला दूर लोटणार. पुतळाबाईने मला आणखीच घट्ट धरलं.

"वर वढू नको, पोरी," धर्मा म्हणाला. "आधी डावीकडं फिरव. खाली खुंटी हाय, कपारीन अडकलीय. मी अडकवलीय."

"बाबा!" देवजी ओरडला.

धर्माने ऐकलं नसल्यासारखं केलं. त्याने माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाला, "फिरवा." नऊ माणसांनी मला डावीकडे फिरवलं. खाली खडकावर खुंटी करकरली, सुटली, आणि मी वर आलो. बारा वर्षं चिखलात राहिलेल्या माझ्या निम्म्या अंगाला वारा लागला. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. दोन्ही गावं नुसती बघत होती. धर्मा कमरेभर पाण्यात उभा राहून धापा टाकत होता. जीभ उचलली नाही त्याची. हात मात्र उचलले.

बेट पाड्याचं राहिलं. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि संपली असती तर मी ती तुम्हाला सांगत बसलो नसतो.

चौसष्ट सालच्या भादव्यात उधाणाने पाड्याचा बांध फोडला. भर दुपारी खांड पडली. मी तेव्हा तुळशीरामच्या अंगणात आडवा होतो. पाड्याची माणसं बांधावर धावली, आणि काम सुरू करण्याआधी सगळी क्षणभर थांबली. सवयीने त्यांचे डोळे खाडीपलीकडे गेले. घोळवाडीच्या चाळीस होड्या धक्क्याला रांगेने बांधलेल्या दिसत होत्या. धक्क्यावर माणसं उभी होती. त्यांना खांड दिसत होती, पाणी शेतात शिरताना दिसत होतं. एकही होडी सुटली नाही. निरोप आदल्या वर्षीच्या वैशाखातच आला होता, तरी पाड्याला वाटलं होतं की ते नुसतं बोलणं आहे. समोर बुडताना पाहूनही कुणी येणार नाही, असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

पुतळाबाई अंगणात आली, हिरामणने आणि तिने मला उचललं आणि खांडीच्या तोंडाशी उभं ठोकलं. माझ्या आधाराने पेंढा, तिवराच्या फांद्या आणि चिखल रचला. चाळीस माणसांनी तीन दिवसांत केलं असतं ते करायला बत्तीस घरांना अकरा दिवस लागले. तोवर निम्मी शेतं खारी झाली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पाडा पुष्कळसा बेटावरच जगला.

तिसऱ्या दिवशी बांधावरून एक माणूस चालत येताना दिसला. पनवेलला वळसा घालून, दोन दिवस पायी चालून धर्मा आला होता. मुलाने त्याला होडी दिली नव्हती. पाय सुजलेले होते. त्याने माफी मागितली नाही आणि कुणी मागायला लावलीही नाही. तुळशीराम त्याच्याशी बोलला नाही. धर्माने पुतळाबाईला विचारलं, "चिखल कुठनं घेताव?" तिने बोट दाखवलं. त्याने टोपली उचलली आणि तो रांगेत उभा राहिला. चाळीसातला एक आला, असं पाडा अजून म्हणतो. मला त्याने आनंद होतो की वाईट वाटतं, ते मला पाच वर्षांनंतरही ठरवता आलेलं नाही.

आता मी बांधातच आहे. दोन्ही बाजूंनी माती, वर फक्त डोकं. दोन वर्षांपूर्वी धर्मा गेला. घोळवाडीच्या होड्या अजून समोरून जातात; तरुण माणसं सरळ बघतात, म्हातारी तोंड फिरवतात. मला कुणी हळद-कुंकू लावत नाही आणि मला ते नकोच आहे.

मित्रांनो, मी लाकूड आहे, तुम्हाला शिकवण्याइतकी माझी अक्कल नाही. पण एक विनंती करतो. कुणाच्या घरी खांड पडली तर धावून जा. बोलावण्याची वाट पाहू नका. जितकी माणसं नेता येतील तितकी न्या, आणि पोटभर जेवून या. मात्र काम संपलं की आपला खुंट आपल्याच हाताने उपटा आणि घरी न्या. ती माणसं भली असतील. ती म्हणतील, राहू दे.

त्यांचं ऐकू नका.